बाळंतिणीच्या खोलीची डागडुजी

गवंड्याने खर्चाचा अंदाज सांगितला की माणसाच्या अंगात एकदम श्रमप्रतिष्ठा संचारते. ‘त्यात काय एवढं, आपलं आपण करू,’ हे वाक्य आकडा ऐकल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात बाहेर पडतं. आमच्या गवंडीमामांनी तर आकडा सांगितलाच नाही. त्यांनी नुसतं वर पाहिलं, भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले, ‘बघू.’ बांधकामाच्या धंद्यात ‘बघू’ यापेक्षा मोठा आकडा नाही. आम्ही त्यांना चहा पाजला, निरोप दिला आणि खोली स्वतःच दुरुस्त करायचं जाहीर केलं.

खोली वाईतल्या आमच्या जुन्या घरातली. घर म्हणजे वाडाच, पण वाडा म्हटलं की ऐकणाऱ्याला नगारखाना आणि नऊवारीतली नटी दिसायला लागते, म्हणून आम्ही घरच म्हणतो. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या भिंती, सागाचे खांब, तुळया आणि वर कडीपाट. भिंती दीड-दोन हात जाड. त्यांची माती गावठाणातच खणलेली. पडक्या घराची माती नव्या घराच्या भिंतीत जाते, ते पडलं की तिसऱ्याच्या. त्यामुळे आमच्या भिंतीत आणखी कुणाकुणाच्या भिंती आहेत हे सांगता येत नाही, आणि भाऊबंदकीच्या दृष्टीने ते बरंच आहे.

माजघराला लागून असलेली ही खोली दहा बाय बाराची. एक दार, एक वीतभर झरोका, आणि दुपारी बारालाही दिवा लावावा लागेल असा उजेड. तिचं नाव बाळंतिणीची खोली. वारा लागू नये, नजर लागू नये आणि सासूच्या कानाबाहेर काही जाऊ नये, या तिन्ही हेतूंनी ती बांधलेली असावी. आमच्या कुळात आज सत्तरीच्या पुढे असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या खोलीत जन्मला आहे. याचा दुरुस्तीशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की ज्या घरात आपण जन्मलो त्या घरात आयुष्यभर एक खिळाही न ठोकता त्याच्याबद्दल मत देण्याचा हक्क माणसाकडे राहतो.

काम सुरू होणार ही बातमी फुटली आणि जन्मलेले सगळे जागे झाले. मुंबईच्या काकांचा पहिला फोन. ‘अरे, तो झरोका मोठा करू नकोस हं. माझ्या जन्माच्या वेळी एवढाच होता.’

‘तुम्हाला आठवतंय, काका?’

‘आठवायला कशाला हवं? अजून एवढाच आहे ना!’

पुण्याच्या काकांचा आक्षेप मुळातच वेगळा. मातीची भिंत हा शब्द ऐकला की ते पानशेतवर येतात. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ते पुण्यात शिकत होते आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात बसताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांचं म्हणणं खरं आहे. मातीची भिंत तासन् तास पाण्यात उभी राहिली तर विरघळतेच. पण या एका दिवसाच्या जोरावर काकांनी गेली साठ वर्षं मातीच्या विरोधात प्रचार चालवला आहे. आमचं घर नदीपासून उंचावर आहे, असं सांगून पाहिलं. ‘शनिवार पेठेलाही असंच वाटत होतं,’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

खर्चाचा विषय निघाला की मात्र वेगळीच शांतता पसरते. आमच्या मिळकत पत्रिकेवर इतकी नावं आहेत की खोलीचे समान हिस्से केले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक पाट मांडण्याएवढी जागा येईल, ताट शेजाऱ्याच्या हिश्श्यात. एरवी या जागेसाठी माणसं कोर्टात जातात. पण ‘चुन्याच्या गाडीचे थोडे पाठवा’ म्हटलं की सगळे एकमुखाने म्हणतात, ‘अरे, घर तुझंच आहे!’ वाटण्यांच्या वेळी हे वाक्य लेखी मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

तर, भिंती खरवडण्यापासून सुरुवात. इथेच समजलं की जुन्या घराची खोली दुरुस्त करायची म्हणजे मूळ खोलीशी आपला काही संबंधच नसतो. मूळ खोली आत कुठेतरी धडधाकट असते. आपण दुरुस्त करत असतो त्या मागच्या पिढ्यांनी केलेल्या दुरुस्त्या. प्रत्येक पिढीत एक पुरुष असा निघतो ज्याला ‘आपलं आपण करू’ हा झटका येतो, आणि त्याचा पुरावा भिंतीवर थराथराने बसलेला असतो.

सर्वांत वरचा थर प्लास्टिक इमल्शनचा. हा चुलतभावाचा, त्याच्या लग्नाच्या वेळचा. रंगाचं नाव ‘आयव्हरी’, आता पापडासारख्या पोपड्या. त्याखाली कमरेच्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट. हा धाकट्या काकांचा. ते सरकारी दवाखान्यात नोकरीला होते आणि हा हिरवा रंग तिथलाच आहे, याबद्दल घरात कुणालाही शंका नाही. फक्त त्यांच्यासमोर बोलत नाहीत. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, तो आत्याच्या पहिल्या बाळंतपणासाठी काढलेला. त्याखाली नीळ घातलेली चुन्याची सफेदी, एकावर एक इतक्या दिवाळ्यांची की तिची जाडी बोटाने मोजता यावी. आणि या सगळ्याच्या मध्येच, खालच्या तीन-चार फुटांत, मधल्या काकांचं सिमेंटचं प्लास्टर.

सावध करून ठेवतो. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. पूर्वीच्या तैलरंगांत शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. काकांचा हिरवा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून भिंत ओली करायची, तोंडाला चांगला मास्क लावायचा, पोरंबाळं लांब ठेवायची आणि मग पट्टी चालवायची. मास्कचा आणखी एक फायदा आहे: दारात येऊन सल्ला देणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही.

आता सिमेंटबद्दल. सिमेंटवर माझा राग नाही. धरणाला, पुलाला, शेजाऱ्याच्या बंगल्याला ते उत्तमच. पण मातीची भिंत जमिनीतला ओलावा हळूहळू वर ओढते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. तिचा हा दिनक्रम शंभर-दीडशे वर्षं चालू होता. चुना तिला आडकाठी करत नाही, कारण तोही सच्छिद्र. मधल्या काकांनी तिच्या अंगावर सिमेंट चढवलं आणि ओल आत अडकली. मग ती सिमेंटच्या वरच्या काठापर्यंत चढली आणि तिथून बाहेर आली. येताना मातीतले क्षार घेऊन आली. पाणी उडून गेलं, क्षार भिंतीवर पांढऱ्या पिठासारखे राहिले. यालाच लोणा लागणं म्हणतात. काकांनी त्यावर उपाय म्हणून सिमेंट आणखी एक फूट वर नेलं. ओलही एक फूट वर गेली. ही शर्यत छतापर्यंत गेली असती, पण काकांची बदली झाली.

काकांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात १९८२ साली या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, एवढा त्या पोत्याचा रुबाब. कुणाच्या तरी विहिरीसाठी मंजूर झालेल्या पोत्यांतून काही पोती काकांनी मिळवली आणि ती वहिनीच्या बाळंतपणाच्या खोलीला लावली. आजच्या भाषेत त्यांनी भिंतीला सोनं चढवलं. ते काढताना आवाजही तसाच यायचा. मातीपासून सुटलेलं प्लास्टर आतून पोकळ वाजतं, थापी मारली की भला मोठा पत्रा सुटून येतो आणि मागची माती पहिल्यांदा हवा लागल्यासारखी भकाभका वास सोडते.

पोकळ आवाजावरूनच खरा गोंधळ झाला. उत्तरेच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर एके ठिकाणी आवाज निराळा आला. हा प्लास्टर सुटल्याचा आवाज नव्हता, आत खोलगट काहीतरी होतं. वाड्यात भिंतीला कोनाडे असतात आणि कोनाडे बुजवलेही जातात, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण ही गोष्ट मी जेवताना आत्याला बोललो. संध्याकाळपर्यंत ती मुंबई, पुणे, नाशिक आणि न्यू जर्सीला पोचली होती.

शनिवारी सकाळी अंगणात तीन गाड्या उभ्या. ज्या काकांना गुडघ्यांमुळे गणपतीला येता येत नाही ते कुदळ घेऊन उतरले. नाशिकच्या चुलतभावाने स्वतःचा हातोडा आणला होता, नवा, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. सगळे सहज आले होते. ‘म्हटलं, एकटाच राबतोयस.’

आमच्यात एक वकील आहे. त्याने खोलीत शिरण्याआधीच सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि निखात निधीचा कायदा समजावून सांगितला. कायदा १८७८ चा, अजून चालू. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे गुप्तधन. म्हणजे भिंतही आली. किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर शोधणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये ऐकून सगळे हसले. पण पुढचं कलम ऐकून हसू थांबलं. ते धन बेवारशी ठरलं आणि शोधणाऱ्याचा नि जागेच्या मालकाचा आधी काही करार झालेला नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेलं एक चतुर्थांश मालकाला.

ओसरीवर क्षणभर शांतता. मग पहिल्यांदाच त्या घरात असं दृश्य दिसलं, की श्रम करायला माणसं एकमेकांच्या पुढे धावताहेत. मालकी नको, घमेलं द्या! ‘तू दमला असशील, मी फोडतो,’ असं मला एकाच वेळी चार जण म्हणाले. न्यू जर्सीचा पुतण्या व्हिडिओ कॉलवरून ‘डावीकडे, डावीकडे’ असं मार्गदर्शन करत होता. मार्गदर्शन म्हणजे शोधणंच, हा मुद्दा त्याने नंतर लेखी पाठवला. शेवटी असं ठरलं की हातोडा सगळ्यांनी धरायचा. एका हातोड्याच्या दांड्याला जितके हात मावले तितके लागले. सत्यनारायणाला जसा एकाने दर्भ लावावा आणि बाकीच्यांनी त्याला हात लावावा, तशी उरलेल्यांची साखळी पार माजघरापर्यंत गेली.

कोनाडा निघाला. सुरेख कमानीचा, आतून चुन्याने घोटलेला, दिव्याच्या काजळीने काळा. त्यात काचेची एक औषधाची बाटली, बुडाशी वाळलेला काढा. दाढीच्या पात्यांची चिक्कार वापरलेली थप्पी. एक पंचांग, त्याच्या समासात कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिलेला. आणि एक पितळी चमचा, मोडका. वकिलाने सगळ्याची किंमत काढली. दहा रुपयांच्या वर जाईना. चमच्याचं पितळ धरलं तर जाईल, अशी शंका काकांनी काढली, पण कलेक्टरला कोण कळवणार यावर एकमत झालं नाही. दुपारचं जेवण करून गाड्या परत गेल्या. जाताना प्रत्येकाने ‘काही लागलं तर सांग’ असं सांगितलं. कुदळ मात्र राहिली, ती अजून वापरतो.

या गर्दीत गवंडीमामाही नुसते बघायला आले होते. त्यांनी कोनाड्यावर हात फिरवला आणि पहिल्यांदा माझ्याशी बरोबरीने बोलले. ‘ह्यो चुना बघा सायेब. ह्यो तसाच ठेवा. बाकीच्याला मातीचा गिलावा घ्या आन् वर चुना. शिमेटाचं नावसुद्दा घेऊ नगा.’ मग मजुरी न ठरवता ते रोज संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसायला लागले. त्यांच्या मते काम मीच करत होतो. काम त्यांच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर होत होतं एवढंच.

मातीचा गिलावा म्हणजे माती, शेण आणि बारीक भुस्सा, पाणी घालून आठवडा-पंधरवडा आंबवायचं आणि रोज तुडवायचं. त्याचा वास किती दूर जातो हे शेजाऱ्यांनी सांगितलं. तुडवायला मुलं हौसेने आली, त्यांच्या आयांनी त्यांना हौसेने परत नेलं. अंगाला लावलेल्या मातीने एवढा मान मिळवला, की तिला शहरात ‘स्पा’ म्हणतात आणि तासाचे पैसे लावतात. आमच्याकडे फुकट होती तर कुणी फिरकलं नाही.

चुन्याचं प्रकरण त्याहून मोठं. हार्डवेअरच्या दुकानात चुना मागितला तर पोरगा विचारतो, ‘पानाचा?’ भट्टीत चुनखडी भाजून निघतो तो कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की पाणी खदखदा उकळायला लागतं, वाफ निघते, खडे फुटतात. विरला की मऊ लोण्यासारखा होतो आणि पाण्याखाली झाकून ठेवला तर जितका जुना तितका चांगला. पूर्वी तो वाळू घालून घाणीत मळायचे: गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर ही घाणी अजून पडलेली दिसते. माणसं तिच्यावर पाय सोडून बसतात आणि डबा खातात. आमच्याकडे बैल नसल्यामुळे फावडं होतं आणि फावड्याला मी.

चुन्यात काय घालायचं यावर मात्र घरातल्या बायकांचं एकमत झालं, आणि ही गोष्ट वाड्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. जुन्या चुन्यात गुळाचं पाणी, मेथी, उडदाचं पीठ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असं काय काय घालत. त्याने चुना चिकट होतो, मळायला सोपा जातो, सावकाश आणि पक्का वाळतो. मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा आत्या म्हणाली, ‘अरे, हे तर बाळंतिणीचे लाडू!’ गूळ, मेथी, उडीद. फक्त तूप आणि डिंक कमी. खोलीला तिच्या नावाला शोभेल असं खायला मिळतंय म्हणून आत्याला भरून आलं. तिने मेथी स्वतः भिजत घातली, प्रमाण स्वतः ठरवलं आणि चव घेण्यापासून तिला अक्षरशः हात धरून थांबवावं लागलं. कळीच्या चुन्याशी अशी सलगी परवडत नाही. गुळाचा सुगावा मुंग्यांना आमच्याआधी लागला. त्या रांगेने भिंत चढल्या, चुना चाखला आणि रांगेनेच उतरल्या. पुन्हा आल्या नाहीत.

चुन्याला घाई चालत नाही. सिमेंट पाण्याशी लग्न लावून महिन्याभरात संसाराला लागतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीचा दगड होतो, आणि हे आतपर्यंत पोचायला वर्षं लागतात. तोवर पातळ हात मारायचे, मधे ओल धरून ठेवायची, ऊन आणि वारा थेट लागू द्यायचा नाही. हे सांगितल्यावर मुंबईच्या काकांनी फोनवर विजयी स्वरात विचारलं, ‘मग झरोका लहानच बरा की नाही?’ त्यांचं बरोबर होतं आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

वर कडीपाटाकडे पाहायला हवंच होतं, पण पाहिलं की डोळ्यांत माती. सागाच्या कड्या, त्यावर पाट, पाटांवर मातीचा थर आणि त्यावर माडीची जमीन, अशी ही रचना. माडीवर कुणी चाललं की खाली अक्षता पडतात. साग शाबूत निघाला. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण आजोबांनी कधीतरी काटकसर म्हणून दाराची चौकट आंब्याच्या लाकडाची बसवली होती. तिच्यावरचा पॉलिशचा थर तेवढा उभा होता. बोट टेकवलं तर आतून भुसा. वाळवीने चौकट आकार न बिघडवता खाल्ली होती. इतकं नीटस काम त्या खोलीत दुसऱ्या कुणीच केलेलं नाही.

नव्या चौकटीच्या वेळी सुतार गुण्या घेऊन आला आणि हताश झाला. कोपऱ्यात गुण्या बसेना, ओळंबा भिंतीला लागेना. भिंत खाली जाड आणि वर निमुळती, मुद्दामच तशी. जमीन दाराकडे उताराची, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून इतक्या लांब येऊनही इथल्या उताराप्रमाणेच बसलेली. पाणसळीतला बुडबुडा मधे यायला तयार नव्हता. सुतार म्हणाला, खोली वाकडी आहे. गवंडीमामा खुर्चीतूनच म्हणाले, ‘खोली हाय तशी हाय. तुजी पट्टी नवी हाय.’ कपाट ठेवलं तर त्याची दारं आपोआप उघडतात. काकू म्हणाली, बरंय, आत काय आहे ते दिसतं. पलंगाच्या एका पायाखाली वीट आली. जुन्या घरात ही वीट फर्निचरचाच भाग असते. नवीन पलंगाबरोबर ती फुकट द्यायला हरकत नाही.

विजेचं काम मी केलं नाही. लाकडी पट्टीवरून पितळी क्लिपांनी गेलेली कापडी वेष्टनाची वायर, बेकेलाइटची बटणं आणि चिनीमातीचा फ्यूज पाहिल्यावर परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने बघितलं, मुख्य बटण बंद केलं आणि मग श्वास घेतला. ‘आपलं आपण’ हे तत्त्व विजेच्या दारात संपतं, आणि संपावं.

हिशेब केला तेव्हा घरात कुणीतरी शनिवारवाड्याची आठवण काढली. १७३० च्या जानेवारीत पाया, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये, असं सांगतात. दोन वर्षांत अख्खा वाडा! आमची एक खोली, दहा बाय बारा, आणि पेशव्यांचा आकडा आमच्या चौकटीच्या आसपासच संपला. पण पेशव्यांकडे हाताखाली माणसं होती आणि सल्ला द्यायला पुण्याचे काका नव्हते, हे दोन फरक लक्षात घ्यायला हवेत.

खोली आता पांढरी आहे, कोरडी आहे, उन्हाळ्यात थंड असते. कोनाड्यात दिवा ठेवतो. एकदा मेणवलीचा वाडा बघायला आलेली काही मंडळी वाट चुकून आमच्याकडे आली. नाना फडणवीसांच्या त्या वाड्यात नि घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं तेव्हापासून या भागात येणारा प्रत्येक जण जुनं घर बघितलं की डोळ्यांपुढे बोटांची चौकट धरतो. त्यांना खोली फार आवडली. ‘किती ओरिजिनल ठेवलीय, काहीच केलेलं दिसत नाही!’ म्हणाले. एवढ्या कामाला यापेक्षा वरचं प्रशस्तिपत्र नाही. बायको मात्र अजून त्या वाक्यावर हसते.

आणि जन्मलेले सगळे परत आले. कृष्णाबाईच्या उत्सवासाठी या खोलीची मागणी आधीच नोंदवलेली असते. एकाला पाठीसाठी गारवा हवा, दुसऱ्याला झोप लागते, तिसऱ्याला आईची आठवण येते. ‘घर तुझंच आहे’ हे वाक्य मागे पडलं, आता ‘आपलं घर’ असं ऐकू येतं. पुण्याच्या काकांनी भिंतीला हात लावून पाहिलं, वाजवून पाहिलं आणि विचारलं, धरण कुठे आहे? म्हटलं, वरच्या अंगाला, धोम. ते रात्रभर आत निवांत झोपले.

तुमच्या घरात अशी खोली असेल तर पावसाळ्याच्या आधी पुरेसे महिने हाताशी ठेवून काम काढा, सिमेंटचं पोतं उंबऱ्याबाहेर ठेवा, आणि चुना विरवताना नेहमी पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असू द्या. भिंत कुठे पोकळ वाजली तर जेवताना बोलू नका.